बारापात्रे सर आणि चार सुपाऱ्या

बारापात्रे सरांच्या हाती चार सुपाऱ्या लागल्या की ते शुक्राणू कसे तयार होतात हे समजावून सांगतात. मग लग्न असो की सत्यनारायण. "पुरुषात एका पेशीचे चार शुक्राणू बनते. बाईत एकीची एकच अंडपेशी. बाकीच्या बारक्या वाया जाते." असं म्हणून तीन सुपाऱ्या बाजूला सारायच्या आणि चौथी तोंडात टाकायची. पूजेची सुपारी गेली म्हणून गुरुजी चडफडतात.

आमच्या खापरखेड्याच्या कॉलनीत त्यांनी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. बाकीचे मास्तर हा धडा "घरी वाचा" म्हणून उरकायचे. सर दारं-खिडक्या सताड उघडून, मुलामुलींना एकत्र बसवून शिकवायचे. पालक तक्रार घेऊन आले तर त्यांनाही बाकावर बसवायचे. "तुमी काय इतवारीच्या बाजारातून विकत आणले गा पोरं?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न.

पानठेल्यावर कोणी मूल होत नाही म्हणून बायकोला नावं ठेवली, की सर तिथंच वर्ग घेत. "शुक्राणू बनाले अडीच महिने लागते. तेवढे दिवस तंबाखूचा खर्रा सोड, तपासून घे, मंग बोल."

सरांनाही मूलबाळ नाही. त्यामुळं त्यांच्या बायकोला, काकूंना, कॉलनीत कुणी ओटी भरू देत नसे. माझ्या लेकीच्या डोहाळजेवणाला माझ्या नणंदेनं काकूंच्या हातातलं ओटीचं ताट काढून घेतलं, आणि मी गप्प बसले. त्याची मला अजून लाज वाटते.

सर पंगतीतून उष्ट्या हातानं उठून आले.

"दोष हिच्यात नाई, माह्यात आहे. माह्ये शुक्राणूच बनत नाई. रिपोर्ट आहे घरी. आता ताट हिच्या हाती द्या. नाई तं मले समजावून सांगा, हिचा हात लागून पोटातल्या लेकराले काय होते ते."

लेकीनं स्वतःच पदर पसरला. "भरा ना काकू," ती म्हणाली.

तेव्हापासून पानठेल्यावर सरांच्या माघारी खसखस पिकते. सरांना कळतं. तरी ते रोज तिथंच जाऊन उभे राहतात.

परवा काकू माझ्याकडं मूगवड्या घालायला आल्या होत्या. मी म्हटलं, "सरांची छाती मोठी. कुठला पुरुष असं चारचौघांत बोलेल?"

काकूंचे हात थांबले. "त्याईचा रिपोर्ट चांगला आहे वं. दोष माह्यातच होता. माह्या अंडपेशी लवकर संपल्या."

पुस्तकातली आकृती चुकली तरी लाल पेनानं शेरा मारणारा माणूस त्या दिवशी भरल्या मांडवात धडधडीत खोटं बोलला होता.

"मी कुणाला सांगणार नाही," मी म्हटलं.

"काहून? साऱ्याईले सांगा," काकू पुन्हा वड्या घालायला लागल्या. "दोष माह्यात आहे म्हणून सांगा. अन् याच हातानं मी तुमच्या पोरीची ओटी भरली अन् तुमची नात धडधाकट आहे, हेही सांगा."