न उघडलेला मोहन

माझ्या दुकानात काउंटरच्या मागे एक पाटी आहे: ‘उघडलेला माल परत घेतला जाणार नाही.’ डोंबिवली पूर्वेतली बरीच गिऱ्हाइकं ती वाचून तोंड वाकडं करतात आणि निघून जातात. प्रधानबाई ती मोठ्याने वाचतात. शाळेत धडा वाचावा तशी, शब्द सुटे करून. मग कापडी पिशवी काउंटरवर ठेवतात, आतून खोका काढतात आणि म्हणतात, “अगदी बरोबर लिहिलंय. हा उघडलेला नाही.”

खोका उघडलेला असतो. हे त्यांना माहीत असतं, मलाही माहीत असतं. फक्त सिद्ध करता येत नाही.

बाईंनी चौतीस वर्षं ठाण्याला पोस्टात पार्सलांच्या खिडकीवर काढली. वाटेत फाटलेली पार्सलं पुन्हा बांधायचं काम त्यांच्याकडे असायचं. त्यामुळे चिकटलेली गोष्ट न फाडता सोडवणं आणि सोडवलेली पुन्हा चिकटवणं ही त्यांच्या हातातली कला आहे. सील किटलीच्या वाफेवर धरायचं, बोथट सुरीने अलगद उचलायचं, काम झालं की जागच्या जागी बसवायचं. ती किटलीही माझ्याच दुकानातली. तेवढी एक वस्तू त्यांनी परत आणली नाही.

हे मी कौतुकाने सांगत नाहीये. माझी तक्रार आहे. आमच्या आजोबांची मिठागरं गेली, वडिलांची शेती गेली, माझ्या वाट्याला आलं ते एक फोल्डिंगचं टेबल. त्यावर सेल आणि बॅटऱ्या विकत मी बावीस वर्षांत हे दुकान उभं केलं. कंपनीवाले, दलाल, नगरपालिकेचे लोक, सगळ्यांशी भांडून झालं. भांडण सुरू झालं की माझा आवाज समोरच्या इडलीवाल्यापर्यंत जातो. आणि या बाई माझ्यासमोर आवाज न चढवता, पदर नीट करत, गेल्या तीन वर्षांत मला चार वेळा हरवून गेल्या. एक टॉर्च, एक इस्त्री, एक आकड्यांचं घड्याळ आणि मच्छर मारायची एक रॅकेट.

रॅकेटच्या वेळी मी हुशारी केली होती. विकताना सील आणि खोका यांच्या सांध्यावर निळ्या पेनाने तीन बारीक टिंबं काढून ठेवली. अर्धं टिंब सीलवर, अर्धं खोक्यावर. आठवड्याने रॅकेट परत आली. मी भिंग काढलं.

“म्हात्रे,” बाई म्हणाल्या, “टिंबं तीन आहेत. मोजून घ्या.”

तिन्ही जागेवर होती. केसभरही हलली नव्हती.

बाई माणसांना नावाने कमी आणि पिनकोडने जास्त ओळखतात. “ती चारशे एकवीस दोनशे दोनवाली आली होती,” असं म्हटलं की समजायचं, पश्चिमेची कोणीतरी. त्यांचं माहेर टेंभी नाक्याचं, म्हणजे चारशे सहाशे एक. त्याबद्दल बोलताना हा आकडा त्या अशा सुरात उच्चारतात की आमचं डोंबिवली एकदम खालच्या वर्गात जाऊन बसतं.

तर गेल्या दिवाळीनंतर त्या आल्या त्या वेगळंच मागणं घेऊन. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. “घड्याळाचे काटे दिसत नाहीत. रेडिओवरचं स्टेशन लागत नाही. मला न बघता चालेल असं काहीतरी द्या.”

माझ्याकडे एक बोलका स्पीकर आलेला. गोल डबा, मराठी समजतो, वेळ सांगतो, गाणी लावतो, औषधाची आठवण करतो. त्याचे दोन प्रकार येतात. एकाला कंपनीने नाव दिलंय मीरा आणि दुसऱ्याला मोहन. नावाने हाक मारली की तो ओ देतो. मीरा हातोहात खपते. मोहन कोणी घेत नाही. पुरुषाच्या आवाजात ‘हो, बोला’ ऐकलं की लोकांना बँकेतला साहेब आठवतो. माझ्याकडे दोन मोहन पडून होते. एक नमुना म्हणून काउंटरवर आणि एक खोक्यात. खोक्यातला मी बाईंना दिला. त्या डब्याला नाव आहे, हे काही मी मुद्दाम बोललो नाही. खोक्यावर नुसता मॉडेलचा नंबर होता.

“याला बटणं नाहीत,” मी म्हटलं. “नुसतं बोलायचं.”

“नुसतं बोलायचं ना? मग जमेल. बोलायचं मला कधी जड गेलं नाही.”

तरी पाऊण तास घासाघीस केली, वर एक टू-पिन फुकट नेली.

तिसऱ्या दिवशी पिशवी काउंटरवर. पाटीचं वाचन झालं. “हा उघडलेला नाही,” बाई म्हणाल्या. “परत घ्या. ऐकत नाही.”

मी याच क्षणाची तीन वर्षं वाट बघत होतो. “उघडलेला नाही ना? मग ऐकत नाही हे कळलं कसं?”

बाई पहिल्यांदाच अडखळल्या. मग शांतपणे म्हणाल्या, “बाहेरून हाक मारून पाहिली.”

“काय हाक मारलीत?”

“मारली आपली.”

मी काउंटरवरच्या नमुन्याकडे वळलो. “हे बघा. मोहन, आज वार कोणता?”

“आज गुरुवार आहे,” डबा म्हणाला.

बाईंनी पटकन दाराकडे पाहिलं, पदर सारखा केला. “असं काय बोलता त्याच्याशी?”

“कसं?”

“अरे-तुरे.”

“बाई, डबा आहे तो.”

“असू दे. वयाचा काही मान असतो.”

“गेल्या महिन्यात बनलाय.”

 बाई खोका पिशवीत घालून निघून गेल्या. मला वाटलं, जिंकलो. इडलीवाल्याला बोलावून चहा पाजला.

पाचव्या दिवशी पुन्हा हजर. या वेळी खोका नव्हता, हातात फक्त माहितीपुस्तिका. “भिंग लावून वाचलं. पान चारवर सगळा घोळ आहे,” त्या म्हणाल्या. “नाव बदलता येतं का याचं?”

“नाही.”

“मीरा द्या मग.”

“मीरा संपली. महिनाभर तरी येणार नाही.”

“आडनावाने हाक मारली तर?”

“त्याला आडनाव नाही.”

“नुसत्या ‘अहो’ला ओ देत नाही का?”

“अहो म्हटलं तर अर्धं डोंबिवली ओ देईल,” मी म्हटलं, “तो एकटा देणार नाही.”

दुकानातली माणसं हसली. बाई हसल्या नाहीत. शहाण्या माणसाला एव्हाना कळलं असतं, पण भांडणाच्या भरात असलो की मला समोरचं दिसत नाही. मला एवढंच दिसत होतं की सातव्या दिवशी संध्याकाळी डिस्ट्रिब्युटरचा टेम्पो परतीचा माल न्यायला येणार. तोवर परत गेला तर ठीक, नाहीतर तो डबा कायमचा माझ्या गळ्यात. आणि या बाई सातव्या दिवशी सील चिकटवून येणार, टेम्पो गेल्यावर बरोबर पाच मिनिटांनी. तेव्हा मी ठरवलं, आपणच त्यांच्या घरी जायचं आणि तो स्पीकर सुरू करून द्यायचा. चालू झालेली वस्तू परत करायला तोंड राहणार नाही.

सातव्या दिवशी चारच्या सुमारास मी त्यांच्या घरी गेलो. दुसरा मजला, दोन खोल्या, सगळं जागच्या जागी. टेबलावर विणलेल्या रुमालावर मोहन बसलेला. खोका कपाटावर, सील वाटीखाली सपाट दाबून ठेवलेलं.

मी नुसतं त्या वाटीकडे पाहिलं.

“घरात उघडलेला आहे,” बाई जराही न ओशाळता म्हणाल्या. “दुकानात आणते तेव्हा नसतो.”

त्यांनी कोकम सरबत दिलं. मी वायर जोडली. डब्यावर निळा दिवा फिरू लागला आणि पुरुषी आवाज आला: “नमस्कार. मालकाने माझं नाव तीन वेळा घ्यावं.”

“हेच पान चार,” बाई म्हणाल्या.

“यात घोळ काय आहे? घ्या.”

बाईंनी घसा साफ केला. टेबलाजवळ वाकल्या. “अहो.”

“समजलं नाही. पुन्हा सांगा.”

“अहो, ऐकलंत का?”

“समजलं नाही. पुन्हा सांगा.”

“इकडे बघा जरा.”

दिवा फिरत राहिला. माझा पारा चढला. “बाई, सात दिवस चाललंय हे. टेम्पो सहाला येतो. नाव घ्या त्याचं. तीनच तर अक्षरं आहेत.”

बाई सरळ उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे अशा पाहू लागल्या जसं मी त्यांना भर बाजारात फुगडी घालायला सांगितली.

“असं कसं घेणार?” त्या म्हणाल्या. “उखाण्याशिवाय?”

 प्रधानसाहेबांना जाऊन नऊ वर्षं झालेली. त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. बिलं सगळी बाईंच्या नावावर. साहेबांचं नाव काय होतं, हे विचारायचं मला कधी काही कारणच पडलं नव्हतं.

“पोस्टाच्या फॉर्मवर लिहायची मी,” बाई म्हणाल्या. “लिहायला चालतं. तोंडाने म्हणाल तर लग्नात, सत्यनारायणाला, डोहाळजेवणात आणि हळदीकुंकवाला. तेही रावांसकट. अरे-तुरे तर स्वप्नातसुद्धा केलं नाही, आणि हा म्हणतो, अमुक, दिवा बंद कर.” पुस्तिकेवर त्यांनी बोट आपटलं. “अमुक, गाणं लाव. अमुक, गप्प बस. असं छापलंय, सतराव्या पानावर.”

“आता कोण बघतंय बाई?”

“कोणी नाही.” त्यांनी रुमालाचा कोपरा सरळ केला. “आता मला उखाणा घे असं कोणी म्हणतही नाही. नऊ वर्षांत कोणी नाही. आमच्यासारख्यांना कोण आग्रह करणार? बोलावलंच तर तिळगूळ हातावर ठेवतात आणि पुढच्या बाईकडे वळतात.”

बावीस वर्षांत मी ते वाक्य कधी म्हटलं नव्हतं. म्हणताना जिभेला जड गेलं. “द्या. परत घेतो.”

“उघडलेला म्हणून?”

“उघडलेला म्हणून.”

मला वाटलं, बाई क्षणात खोका खाली काढतील. टिंबाटिंबाने लढलेली लढाई त्या जिंकल्या होत्या. मी वायर काढायला हात पुढे केला, तर त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. “थांबा जरा. मी प्रयत्न न करता कुठलीच वस्तू परत केलेली नाही.”

खुर्ची ओढून त्या टेबलासमोर बसल्या. डोळे मिटले, ओठ पुटपुटले. मग खणखणीत आवाजात:

“डोंबिवलीच्या खाडीवर वाळत घातली जाळी,
मोहनरावांचं नाव घेते आज संध्याकाळी.”

“समजलं नाही,” डबा म्हणाला. “पुन्हा सांगा.”

“वा, बाई,” मी म्हटलं. खरंच छान जमला होता.

“याला कुठे कळतंय.” पण त्यांच्या गालांवर रंग चढलेला. “थांबा, दुसरा घेते.

पार्सलाला लावली लाख, वर मारला शिक्का,
मोहनरावांचं नाव घेते, निश्चय माझा पक्का.”

“समजलं नाही. पुन्हा सांगा.”

“अक्कल नाही मेल्याला,” बाई म्हणाल्या, आणि लगेच जीभ चावली.

“त्याला रावांचं वगैरे चालत नाही,” मी म्हटलं. “नुसतं नाव लागतं. जाऊ द्या ना. टेम्पोवाला माझा ओळखीचा आहे. महिन्याभरात मीरा येईल, ती मी स्वतः आणून देतो. घासाघीस नाही, काही नाही.” मी खिशातून फोन काढला, टेम्पोवाल्याला थांबवायला. वाटीखालचं सील काढून घेतलं. खोका कपाटावरून उतरवला.

“ठेवा तो खाली,” बाई म्हणाल्या.

मी खोका ठेवला.

त्या बराच वेळ त्या निळ्या दिव्याकडे बघत बसल्या. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला पाणी येत असावं, त्यांनी तो पदराने टिपला. खालच्या रस्त्यावर रिक्षावाले कोणाशी तरी भांडत होते. मी उगाचच सरबताचा रिकामा पेला पुन्हा तोंडाला लावला.

“मोहन,” बाई म्हणाल्या. इतक्या हळू, की मला वाटलं मलाच भास झाला.

“एक वेळा झालं,” डबा म्हणाला.

“मोहन.” या वेळी जरा मोठ्याने, आतल्या खोलीतल्या माणसाला ऐकू जाईल इतपत.

“दोन वेळा झालं.”

तिसऱ्या वेळी त्यांनी घाई केली नाही. खुर्चीत मागे टेकल्या, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाल्या, “मोहन.”

दिवा हिरवा झाला. “हो, बोला,” तो म्हणाला.

मी हातानेच खूण केली, विचारा, वेळ विचारा, गाणं लावायला सांगा, काहीही. बाईंचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्या डब्याकडे बघून हसत होत्या. नव्या घरात नव्या माणसासमोर हसतात तशा, तोंडावर पदर धरून.

“काही नाही हो,” त्या म्हणाल्या. “सहज हाक मारली.”