साहेबांचा पाहुणचार

"आईचं ऑपरेशन फुकटात करून दाखवलं नाय, तर नाव कोंडाजी लावणार नाय!"

नाशिकच्या भाजीबाजारात हमाली करणाऱ्या कोंडाजीने हे अख्ख्या वस्तीला ऐकवलं होतं. त्याच्या आईचा, भिमाबाईंचा, जन्म गोधड्या शिवण्यात गेला. आता मोतीबिंदू असा पिकला, की सुईत दोराही ओवता येईना. सरकारी दवाखान्यात गरिबाला ऑपरेशन फुकट होतं. फक्त गरिबीची खात्री करायला एक साहेब घरी येणार होते.

साहेब घरी येणार! म्हणजे पाहुणाच की! त्याला रिकाम्या घरात बसवलं तर वस्तीची अब्रू जायची. शेजारच्या लताबाईंनी खुर्ची दिली, चांगुणाने टेबलफॅन आणि रेडिओ, झुंबरने लग्नातला टेरिकॉटचा सदरा. "दुपारपर्यंतच हां!" असं प्रत्येकाने बजावलं.

सकाळी यायचे साहेब दुपार टळल्यावर आले. खुर्चीत बसले, पंख्याचा वारा खाल्ला, चहाचा कप हातात घेतला, रेडिओकडे पाहून भुवया चढवल्या.

"बरं चाललंय ना तुमचं?"

पाहुण्याला काय उत्तर द्यायचं, हे आईने लहानपणीच शिकवलेलं. कोंडाजी छाती काढून म्हणाला, "काय कमी नाय साहेब! तुमच्या कृपेनं समदं हाय!"

"मग फुकट ऑपरेशन कशाला? तुम्ही यात बसत नाही."

भिंतीला टेकलेल्या भिमाबाई आवाजाच्या दिशेने वळल्या.

कोंडाजी पुढे सरकला. "साहेब, ह्यातलं आमचं काय बी नाय!"

"सगळे असंच म्हणतात!" साहेबांनी पेन खिशाला लावलं.

तेवढ्यात चांगुणा आली. "भाऊजी, रेडिओ-पंखा नेते. उकाड्यानं मामंजींनी घर डोक्यावर घेतलंय!"

पाठोपाठ लताबाई. "साहेब, जरा उठता का? माझ्याकडं निफाडचे व्याही आलेत."

साहेब उठले. खुर्ची गेली! साहेब गोधडीवर टेकतात तोच झुंबर धावत आला.

"सदरा काढ! पाळीची वेळ झाली!"

"अरे, साहेब बसलेत..."

"मग मी काय उघडा कामाला जाऊ?"

सदरा निघाला. आत बनियन होतं. म्हणजे भोकं होती, आणि त्यांच्या कडेकडेने थोडं बनियन होतं.

साहेबांनी हातातल्या कपाकडे पाहिलं. "हा कुणाचा?"

"वत्सलाबाईंचा."

साहेबांनी घाईघाईने चहा संपवला आणि हसता हसता अर्जावर सही ठोकली!

ऑपरेशन झकास झालं. जाड काचांचा चष्मा लावून भिमाबाई घरी आल्या, तेव्हा दारात वस्ती जमली होती आणि मध्यभागी कोंडाजी फुशारक्या मारत होता.

"खुर्ची, पंखा, सदरा, समदा माझाच डाव व्हता! साहेबाला कळलं बी नाय!"

भिमाबाईंनी सुई उचलली आणि पहिल्याच झटक्यात दोरा ओवला. वस्तीने टाळ्या पिटल्या!

"डाव पुरे," त्या लेकाला म्हणाल्या. "बनेन काढ. मला आता समदं दिसतंय!"