खंदारेमामांचं मस्टर

लक्ष्मण खंदारेमामा लढाई सुरू करायच्या आधी हजेरी घेतात. कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोटाच्या पेराएवढी माणसं कुऱ्हाडी घेऊन उभी असतात, पलीकडे शत्रू घोडे जमवत असतो, आणि आमचे मामा मांडीवर लांबलचक रजिस्टर पसरून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून एकेकाचं, स्वतःच ठेवलेलं नाव पुकारतात. "किसन रामा." मग पडद्यावरच्या एका माणसावर माउस दाबायचा. तो त्याच्या परदेशी बोलीत काहीतरी हुंकार भरतो. मामा खूण करतात. "धुरपता मारोती." ती हुंकारते, पुन्हा खूण. सगळं गाव होईपर्यंत शत्रूचे घोडे वेशीत आलेले असतात. पण मामांना त्याचं काही नाही. मस्टर भरल्याशिवाय काम सुरू होत नसतं.

ताडकळसला माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. सातबारा, पीकविमा, आधार, झेरॉक्स, जे मागाल ते. दुपारी दोन ते चार उन्हात कुत्रंही फिरकत नाही, तेव्हा आम्ही तिघं माझ्या तीन कॉम्प्युटरवर जुन्या राजांच्या लढाईचा खेळ खेळतो. मी दिलीप, मेडिकलवाला संतोष आणि टायरवाला अफसर. तिघंही चाळिशीच्या पुढं, पोरंबाळं असलेले. हसायचं तर हसा. खेळ तसा सोपा आहे. सुरुवातीला पाच-सहा गावकरी मिळतात, त्यांच्याकडून लाकूड तोडून घ्यायचं, शेती करून घ्यायची, मग त्यातून किल्ला, फौज, आणि शेवटी समोरच्याचा तट फोडायचा.

खेळ कमी आणि मतं जास्त, अशी आमची गत. संतोषच्या मते तिरंदाज अगदीच मिळमिळीत केलेत. अफसरला हत्तीशिवाय काही दिसत नाही, आणि हत्ती हळू चालतो म्हणून तो बनवणाऱ्यांच्या नावानं रोज खडे फोडतो. माझं म्हणणं, खेळात सगळं ठीक आहे, फक्त संतोष आणि अफसर नकोत.

मामा आले ते हयातीच्या दाखल्यासाठी. पेन्शनवाल्यांना वर्षातून एकदा अंगठा लावून जिवंत असल्याचं सांगावं लागतं. त्या दिवशी सर्व्हर बंद होता, म्हणून बाकावर बसून राहिले. आमचा खेळ चालू होता. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "ही माणसं लाकडं वाहायलीत. ह्यांचा मुकादम कोण हाय?"

मी म्हटलं, मुकादम म्हणजे मीच की.

"मंग तो कोपऱ्यातला कामून उभा हाय मगापासनं?"

खरंच एकजण झाडाआड रिकामा उभा होता, आणि माझं लक्षच नव्हतं. चाळीस माणसांच्या गर्दीतून मामांनी तो लांबून हेरला. साहजिकच होतं म्हणा. मामांची अख्खी नोकरी रोजगार हमीच्या कामांवर हजेरी घेण्यात गेलेली. नालाबंडिंग, रस्ता, पाझर तलाव, जिथं माती निघेल तिथं मामा छत्री आणि मस्टर घेऊन हजर. कोण पाटी अर्धीच भरतंय, कोण पाणी प्यायला म्हणून जाऊन तंबाखू मळतंय, हे त्यांना पाठमोऱ्यानं कळायचं म्हणतात. अजूनही ताडकळसच्या बाजारात मामा दिसले की जुन्या बाया कमरेवरचा हात काढतात.

दुसऱ्या दिवसापासून तिसऱ्या कॉम्प्युटरवर मामा. मी माझ्याच दुकानात उभा.

मामांचा खेळ म्हणजे सरकारी काम. हजेरी झाली की कामाची वाटणी. खेळातल्या घड्याळाचा एक आकडा ते आपल्या हिशेबानं दुपारचा एक धरतात, आणि ती वेळ आली की सगळ्या गावकऱ्यांना थांबवून जेवणाची सुट्टी देतात. त्या वेळात स्वतः डब्यातली भाकरी काढतात. हल्ला करत नाहीत. एवढी फौज कशाला उभी केली मग, असं अफसरनं विचारलं तर म्हणाले, "बंदोबस्ताला."

आणि मतं! आमची मतं चहाबरोबर संपायची, मामांना ती लेखी पाहिजेत. खेळाच्या पानावर खाली अभिप्राय लिहायची जागा असते, जगभरचे लोक तिथं लिहितात. मामांना एका बोटानं टाइप करायचा कंटाळा, म्हणून ते सांगणार आणि मी टाइप करणार. पहिला अभिप्राय मला अजून पाठ आहे. "प्रति, खेळ बनविणारे साहेब, मुक्काम परदेश. विषय: कामाचे जागी पिण्याचे पाणी, सावली व लेकरांसाठी पाळणा नसलेबाबत. महोदय, उपरोक्त विषयी विनंती की, सदर खेळात मजूर लोक धान्य पिकवितात, परंतु खाताना कोणी आढळून आले नाही. तरी चौकशी होऊन योग्य ते आदेश व्हावेत." खाली सही म्हणून नाव, आणि "सेवानिवृत्त".

त्यावर ब्राझीलच्या कुणीतरी उत्तर दिलं. मोबाइलवर भाषांतर करून बघितलं तर लिहिलं होतं, मला यातलं काही समजलं नाही पण मी या गृहस्थांच्या बाजूचा आहे. मामांनी ते मला दोनदा वाचायला लावलं, मग संतोषला बोलावून परत वाचायला लावलं.

पुढं अभिप्राय येतच राहिले. घोड्याला दाणा आहे पण वैरण नसलेबाबत. एकाच माणसाने उभ्या उभ्या घर बांधलेबाबत व त्याचे मोजमाप न झालेबाबत. शेवटी पान विचारतं, हा खेळ तुम्ही दुसऱ्याला सुचवाल का, हो की नाही. मामा दर वेळी "नाही" दाबायला लावायचे आणि लगेच खुर्ची ओढून खेळायला बसायचे.

त्यांचा सगळ्यात मोठा राग घंटेवर. खेळात एखादा गावकरी रिकामा राहिला की वर कोपऱ्यात चिन्ह लुकलुकतं आणि टण्ण वाजतं. आम्हाला ते बरं, कुणी काम चुकवत नाही. वाटलं होतं, मामांना तर ही घंटा फारच आवडेल, जन्मभर ते स्वतःच घंटा होते. पण मामांनी पहिल्याच आठवड्यात ती बंद कशी करायची ते माझ्याकडून शिकून घेतलं.

कारण त्यांच्या गावात एकजण कायम रिकामी असायची. मस्टरवर पहिलंच नाव: सुगंधाबाई लक्ष्मण खंदारे. म्हणजे आमच्या मामी. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. खेळ सुरू झाला की मामा पहिल्या बाईला सगळ्यांतून वेगळी काढायचे, पाण्याच्या कडेला दाट झाडं बघून तिथं नेऊन ठेवायचे आणि म्हणायचे, "बस." पडद्यावरची बाई उभीच असायची, त्या खेळात माणसाला बसता येत नाही. तरी मामांच्या बोलण्यात ती बसलेली. काम काही नाही, हजेरी मात्र रोज पूर्ण दिवसाची. आम्हाला वाटायचं, म्हातारपणचं प्रेम आहे. अफसर चिडवायचा, "मामू, मामी को रानी बना के रखे." मामा ऐकलं न ऐकलंसं करायचे.

आणि मग गंगाखेडची मॅच ठरली. गंगाखेडला आमच्यासारखेच चार रिकामटेकडे आहेत आणि ते तालुक्याचे असल्याचा त्यांना भारी तोरा. आमचा एक मोबाइलचा ग्रुप आहे, त्यावर त्यांनी वर्षभर आमची खिल्ली उडवलेली. पैज अशी लागली की हरणाऱ्यांनी पुढचं वर्षभर ग्रुपवर जिंकणाऱ्यांना "साहेब" म्हणायचं. मी, संतोष, अफसर तर होतोच, चौथा म्हणून मामा. मी माझ्या घरचा कॉम्प्युटर दुकानात आणला. रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून आम्ही बसलो. संतोषनं मेडिकलच्या काउंटरवर "दहा मिनिटांत येतो"ची पाटी लावली ती चार तास तशीच होती.

मॅच कशी झाली ते थोडक्यात सांगतो. मामांना आम्ही हात जोडून सांगितलं होतं, आज जेवणाची सुट्टी नको. मामा हो म्हणाले. आणि ऐन वेळी गंगाखेडचे घोडेस्वार मामांच्या गावात घुसले तेव्हा सगळे मजूर हात बांधून उभे आणि मामा भाकरीवर ठेचा घेऊन बसलेले. गाव साफ झालं. माझं आणि संतोषचं तर आधीच वाजलं होतं. उरला अफसर. त्याच्याकडंही गावकरी एक नाही, पण हत्ती होते, आणि ते थेट गंगाखेडच्या शेवटच्या किल्ल्यासमोर पोचले होते. आत त्यांचे मोजकेच लोक. मधे फक्त तट. तट फोडायचा गाडा बनवायला थोडं लाकूड कमी पडत होतं.

चौघांच्या राज्यात मिळून एकच गावकरी जिवंत होता. तोही मामांचा, म्हणजे मामीच. पाण्याच्या कडेला, दाट झाडांत, तिच्याकडं शत्रूचंही लक्ष गेलं नव्हतं.

मी ओरडलोच. "मामा, मामींना एक झाड तोडायला लावा. एकच झाड, आणि लाकूड अफसरला पाठवा."

मामा म्हणाले, "ती कामावर न्हाई."

संतोषनं विनवलं. अफसर उभा राहून, खाली बसून, परत उभा राहून विनवायला लागला. घड्याळ पळत होतं, आतले लोक नवी फौज उभी करत होते. शेवटी मला राग आला, आणि मी मामांना त्यांच्याच शब्दांत धरलं. म्हटलं, "मामा, मस्टरवर नाव आहे का नाही तिचं? मग काम का नाही?"

हे त्यांना लागलं. त्यांनी रजिस्टरकडं बघितलं. मग हळूच माउस सरकवला आणि बाण नेऊन तिच्यावर ठेवला. दाबला. ती लगेच हुंकारली, जशी सगळी हुंकारतात, तयार आहे म्हणून. आता फक्त झाडावर एकदा दाबायचं.

मामांनी माउसवरचा हात काढला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. थोड्या वेळानं गंगाखेडची फौज बाहेर आली आणि हत्ती एकेक करून आडवे झाले.

अफसर एवढंच म्हणाला, "मामू, एकीच झाड था." मामांनी रजिस्टर पिशवीत घातलं, जय भीम केला आणि गेले. आम्ही त्यांच्या माघारी त्यांना नको नको ते बोललो. सगळ्यात जास्त मीच बोललो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा आले. कॉम्प्युटरकडं गेले नाहीत. माझ्या समोरच्या खुर्चीवर बसले. म्हणाले, "अभिप्राय लिहायचाय." मी तोंड वाकडं करूनच पान उघडलं. मामा विषय सांगेनात. मग आपल्याआपच बोलायला लागले.

"पाझर तलावाचं काम होतं. तीबी होती कामाला. ताप होता अंगात. दुपारच्याला बाभळीखाली टेकली जराशी. सगळ्या बाया बघायलेल्या. मस्टरवाल्याची बायकू बसली म्हणतील, म्हणून मी वरडलो. सगळ्यांच्या देखत. ऊठ म्हणलं, आन् अर्धी हजेरी मांडली."

मामा पुढं म्हणाले, "ती लगेच उठली. पाटी घेतली. घरी येऊन भाकरी टाकल्या, मला वाढलं. एका शब्दानं कधी काही म्हणली न्हाई. पण तवापासून मी दारात आलो की ती उठायची, दिलीप. बसली असली की उठायची. मी म्हणायचो, बस की. म्हणायची, काम पडलंय. जाईस्तोवर माझ्यासमोर बसली न्हाई ती."

कालचं माझं ओरडणं आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काल तुमी लय म्हणलं. मीबी दाबणारच होतो. पण दाबल्याबरुबर तयार झाली ना ती. तशीच." मामांनी चष्मा पुसला. "लिही आता. विषय: श्रीमती सुगंधाबाई लक्ष्मण खंदारे यांस बसण्याची सोय करणेबाबत."

मी लिहिलं. महोदय, उपरोक्त विषयी विनंती की, सदर बाई दीर्घ काळ उभ्या असून त्यांस बसता येत नाही. तरी पाण्याचे कडेला सावलीत किमान एक बाज टाकण्यात यावी, व त्यांस कोणीही उठवू नये. पुढं माझ्याच्यानं टाइप होईना. डोळे भरून आले होते, अक्षरं दिसत नव्हती. मामांना वाटलं सर्व्हर गेला. म्हणाले, राहू दे घाई नाही.

शेवटी पानानं नेहमीचा प्रश्न विचारला, हा खेळ दुसऱ्याला सुचवाल का. माझं बोट सवयीनं "नाही"कडं गेलं.

"हो दाब," मामा म्हणाले. "बाकीचं काही का असंना. तिथं ती निवांत हाय."

अफसर आणि संतोषला मी सांगितलं. सांगताना माझं मलाच धड सांगता आलं नाही, पण त्यांना कळलं. गंगाखेडच्या लोकांना आम्ही आता ग्रुपवर रोज साहेब म्हणतो. अफसर तर इतक्या अदबीनं म्हणतो की तेच बेजार झालेत. बाज काही अजून आलेली नाही. ब्राझीलवाल्यानं मात्र या वेळीही लिहिलंय की तो मामांच्या बाजूचा आहे.

परवा परत चौघं बसलो होतो. पलीकडे कोण होतं देव जाणे, घोडे जमवायला त्यांनी सुरुवातही केली होती. अफसर हत्तीचा विचार करत नव्हता. मान वाकडी करून तो मामांच्या पडद्याकडं बघत होता. "मामू," त्यानं विचारलं, "मामी बैठे क्या?"

मामांनी पाण्याच्या कडेची झाडं नीट बघून घेतली. मग रजिस्टर उघडलं, पहिल्या नावापुढं पूर्ण दिवसाची खूण केली, आणि चष्मा वर सारत म्हणाले, "बसली. करा सुरू."