मुनिबाचा जपान दौरा

मस्कतमधल्या आमच्या भारतीय शाळेतून दरवर्षी एका विद्यार्थ्याला जपानला पाठवतात. सकाळी मोटार कारखाना पाहायचा, उरलेल्या दिवसात देश. खर्च गाड्यांच्या एजन्सीचा, निवड समितीची. पालक-प्रतिनिधी म्हणून समितीत मीही आहे. यंदा आम्ही एकमताने नववीतल्या मुनिबाला निवडलं.

तिचे वडील इम्रानभाई मूळचे रत्नागिरीचे, इथल्या वादी कबीर भागात त्यांचं गॅरेज. जपानच्या त्या कारखान्यात म्हणे चूक दिसली की साधा कामगारही दोरी ओढून सगळं काम थांबवू शकतो. अशा कामगाराला नंतर बोलणी बसतात का, हे मुनिबाला समोरासमोर विचारायचं होतं. त्या एका प्रश्नासाठी पोरगी दोन महिने जपानी शिकत होती.

निघायच्या पंधरा दिवस आधी शाळेचं मॅगझीन काढणाऱ्या लेस्ली सरांनी तिला बोलावलं.

"मुनिबा, ट्रिपचा रिपोर्ट दे. मॅगझीन प्रेसला जातंय."

"पण सर, मी अजून गेलेच नाही."

"म्हणून तर टाइम आहे ना तुझ्याकडे! गेल्यावर कुठे लिहिणार?"

मुनिबा आज्ञाधारक. व्हिडिओ पाहून तिने आठ पानं लिहिली. अहवाल इतका सरस उतरला की समितीने ठराव केला : 'विद्यार्थिनीस जपानचे पुरेसे ज्ञान झाले असल्याने प्रत्यक्ष भेटीचे प्रयोजन उरत नाही.' मी अनुमोदन दिलं. बैठक लांबली होती आणि समोसे गार होत होते.

ठरलेल्या दिवशी ती शाळेत आली, तर हजेरीपटावर तिच्यापुढे 'जपान' असा शेरा होता.

"तू आज इथे नाहीस," लेस्ली सर समजुतीने म्हणाले. "लायब्ररीत बस. कोणाला दिसू नकोस."

तिने खरं काय ते लिहून अर्ज दिला. प्रिन्सिपल लिंडा मॅडमनी तो छापील अहवालाशी ताडून पाहिला आणि विसंगती आढळल्याने फेटाळला. पुढच्या वर्षी तरी पाठवा असं मुनिबा म्हणाली, तर उत्तर आलं, एकाच विद्यार्थ्याला दोनदा जपान देण्याची तरतूद नाही.

प्रमाणपत्र मात्र वेळेवर मिळालं. इम्रानभाईंनी ते गॅरेजात लावलं.

"अब्बा, तुम्ही तरी सांगा ना! मी इथेच होते." मुनिबा रडकुंडीला आली होती.

"गप रव गो. गावात सगळ्यांना फोटो गेलाय. खलास!"

मला फार वाईट वाटलं. पोरीचा हक्काचा दिवस आम्ही सह्या करून खाल्ला. तुम्हालाही चीड आली असेल, यायलाच हवी. पण पुढच्या वर्षी माझ्या अरमानचा नंबर आहे. त्याला विमान लागतं, उलट्या होतात; प्रमाणपत्र मात्र हवंच. अहवाल मी कालच लिहायला घेतला. तुमच्यापैकी कोणी जपानला जाऊन आलं असेल, तर तिथे थंडी कितपत असते तेवढं कळवा. गेला नसाल तरी चालेल.