निर्जंतुक घराचा दाखला

इंडोनेशियातल्या सोलो शहरातल्या सातव्या गल्लीत, बू तुकिनेम (बू म्हणजे बाई) यांच्या पाच वर्षांच्या नातवाच्या, गालिहच्या, हातापायांवर आणि तोंडात सोमवारी सकाळी फोड उठले. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लहान मुलांमधली साथ आहे. दहा दिवसांत जाईल. कड्या, खेळणी, फरशी ब्लीचच्या पाण्याने पुसा, हात धुवा, आणि घरात कुणाला येऊ देऊ नका."

दहा दिवस पुरेसे होते. पुढच्या शनिवारी, म्हणजे बारा दिवसांनी, धाकटी मुलगी रेत्नो नुकतं जन्मलेलं बाळ घेऊन माहेरी यायची होती. बू तुकिनेम यांनी देवाचं नाव घेतलं, पदर खोचावा तसा सारोंग खोचला आणि संध्याकाळपर्यंत घर असं पुसलं, की मेणकापडावरची फुलं निम्मी उडाली.

मंगळवारी गल्ली भेटायला आली. आजारी घराला भेटायचं म्हणजे सगळ्यांनी मिळून, हा तिथला रिवाज. तेवीस जण चटईवर बसले. संत्री आली, चहा झाला, प्रार्थना झाली आणि प्रत्येकाने छोट्या गालिहचा गालगुच्चा घेतला.

"इतकुसे तर फोड आहेत," शेजारच्या बू लास्त्री त्याला मांडीवर घेत म्हणाल्या. "आमच्या थोरल्याला याहून मोठे होते. त्याच्यामुळे अख्खी शाळा आठ दिवस बंद होती." हे त्यांनी अभिमानाने सांगितलं.

पाहुणे गेल्यावर बू तुकिनेम यांनी पुन्हा पहिल्या कडीपासून सुरुवात केली आणि दारावर कागद डकवला: 'कृपया भेटायला येऊ नये.' तो कागद का लावला, हे विचारायला अकरा जण येऊन गेले. शेवटी गल्लीप्रमुख पाक हार्जितो (पाक म्हणजे साहेब) शिक्का घेऊनच आले.

"बू, दार बंद करायला कारण लागतं."

"आजार आहे ना, पाक."

"आजार असेल तर भेटायला यावंच लागेल. गल्लीला माणुसकी आहे. हां, घर निर्जंतुक असल्याचा दाखला असला, तर ते घर आजारी धरत नाहीत. मग भेटायचा प्रश्नच उरत नाही."

"तो मिळतो कसा?"

"समिती येऊन तपासते."

"समितीत किती जण?"

"नऊ. आणि चहा बघायला दोघी."

समिती गुरुवारी आली. नऊ जणांनी प्रत्येक कडी हाताने फिरवून पाहिली, उशा दाबल्या, खेळण्यांचे वास घेतले. समितीच्या खजिनदारांना गालिहने आपला अर्धा चोखलेला पापड देऊ केला. मुलाचं मन मोडू नये म्हणून त्यांनी तो खाल्ला. अहवाल त्याच दुपारी आला: 'कड्यांवर बोटांचे ठसे आढळले. दाखला नामंजूर.'

"ठसे तुमचेच आहेत, पाक," बू तुकिनेम म्हणाल्या.

"ठसे कुणाचे, हा विषय समितीच्या कक्षेत येत नाही."

तीनदा घर पुसलं गेलं, तीनदा तपासलं गेलं, तीनदा ठसे सापडले. बू तुकिनेम यांच्या बोटांची सालं निघाली. चौथ्या खेपेला समितीच कंटाळली आणि दाखला मंजूर झाला. मात्र तो नुसता हातात द्यायची पद्धत नव्हती. रेत्नो यायची त्याच शनिवारी सकाळी दहा वाजता, त्याच घरात, समारंभपूर्वक प्रदान करायचा असं ठरलं.

चाळीस माणसं आली. मध्यभागी शुभकार्याला करतात तो पिवळ्या भाताचा उंच शंकू मांडला होता. 'अंतर राखा' या विषयावर पाक हार्जितो पाऊण तास बोलले. गर्दी एवढी, की शेवटच्या रांगेतल्यांना ते पुढच्यांच्या खांद्यावर हनुवटी ठेवून ऐकावं लागलं. मग सगळ्यांनी सगळ्यांचे हात हातात घेतले. फोटो नीट आला नाही, म्हणून पुन्हा घेतले.

एवढ्यात फाटकाशी टॅक्सी थांबली आणि बू तुकिनेम धावत बाहेर आल्या. रेत्नोने काच दोन बोटं खाली केली. दारातला चपलांचा ढीग तिने पाहिला.

"आई, घरात काय चाललंय?"

"घर निर्जंतुक झालं ना, त्याचा सोहळा."

दुपट्यातून एक चिमुकली मूठ बाहेर आली आणि बू तुकिनेम यांनी आपले दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले.

"नवऱ्याच्या खोलीवर परत जा, बाळा," त्या म्हणाल्या. "आत्ताच जा."

टॅक्सी वळली तसं घरात कळलं. "न उतरता गेली?" बू लास्त्री म्हणाल्या. "म्हणजे तब्येत बरी नसणार. भेटायला जायला हवं." पाच मिनिटांत मिनीबस ठरली. पाक हार्जितोंनी खिशातून पेन काढलं. "बू, पत्ता सांगा."

जन्मभर कुणाला 'नाही' न म्हटलेल्या बू तुकिनेम यांनी हातातल्या दाखल्याकडे पाहिलं.

"सांगते, पाक. पण आधी तपासणी. घराची झाली, आता माणसांची."

"आणि समिती?"

"मी एकटी. चहा नाही."

त्यांनी गालिहच्या वहीतले कागद फाडून वाटले. प्रश्न एकच होता: 'आपल्यामुळे बाळाला काय होऊ शकतं?' माणसं गंभीरपणे लिहू लागली. समितीने लिहिलं, खजिनदारांनी हाताला उठलेला फोड खाजवत लिहिलं. सगळे कागद गोळा झाले आणि शब्दन् शब्द सारखे निघाले: 'माझ्यामुळे काही नाही. बाकीच्यांचं तपासावं.'

बाकीच्यांची तपासणी अजून चालू आहे, त्यामुळे पत्ता कुणालाच मिळालेला नाही. बाळ बाळसं धरतंय.

एक कागद शिल्लक राहिला होता, तो बू तुकिनेम यांनी तुमच्यासाठी ठेवलाय. उत्तर तेच, त्यांनीच लिहून दिलंय, तुम्ही नुसती सही करा.