मरियामातेचं लुगडं

इनासकाकांच्या खोलीत वस्तू हरवत नाही. भिंतीवर त्यांनी प्रत्येक वस्तूची आकृती लाल ऑइलपेंटने काढून ठेवली आहे. पान्याच्या आकृतीत पाना, छत्रीच्या आकृतीत छत्री, लाटण्याच्या आकृतीत लाटणं. चष्म्यालासुद्धा खिळा आणि भोवती चष्म्याचं चित्र. गिरणीत फिटर होते तेव्हाची ही सवय. गिरणी गेली, तिथे काचेचा टॉवर आला, पण काकांचे पाने अजून आपापल्या रेषेत लटकतात. "जागच्या जागी बरं दिसतं," हे त्यांचं पालुपद.

काका मूळचे वसईचे, ख्रिस्ती. पण हयात गेली आमच्या लालबागच्या चाळीत, मालवणी शेजारात, त्यामुळे गणपतीत झांजा त्यांच्याच हातात. कुणी आरतीचं कडवं गाळलं तर झांजा थांबवून म्हणणार, "मागं जा, राह्यलं एक." आणि त्यांच्या चर्चमध्ये नव्या फादरांनी मराठी मिस्साला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, मेणबत्तीशेजारी समई लावली, तेव्हा हेच काका आठवडाभर नीट जेवले नाहीत.

मी म्हटलं, "काका, मंडळाची समई तर तुम्हीच घासता."

"घासतो ना. गणपतीसाठी. जागच्या जागी बरं दिसतं."

मग फादरांनी जाहीर केलं की वेदीशेजारी लुगड्यातली मरियामाता बसवायची. इथल्या बायकांची आई इथल्या बायकांसारखी का दिसू नये, असं त्यांचं म्हणणं. चर्चमध्ये दोन तट पडले. निम्मे म्हणाले, एकदाची आपली आई आपल्यात आली. निम्मे म्हणाले, दीडशे वर्षं निळ्या झग्यातल्या आईला हाका मारतोय, आता नव्या आईला कोण ओळखणार? काकांनी विरोधाचा अर्ज लिहिला आणि चाळभर सह्या घेतल्या. सह्या करणाऱ्यांत ख्रिस्ती दोनच. बाकी सगळे आम्ही. काकांना नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. मीही न वाचता सही ठोकली.

पंचाईत अशी की मूर्तीचं काम फादरांनी माझ्याच कारखान्यात दिलं. मी गणपती आणि गौरी करतो. हे कळल्यावर काका चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. माझ्या बायकोला वाटलं, त्यांना ताप आलाय. तिने पेज पाठवली.

मूर्ती छान उतरली. पण हात सवयीचा गुलाम. गौरींची कपाळं रंगवून रंगवून त्याला वळण पडलेलं, तेव्हा डोळे झाल्यावर मी मरियामातेला ठसठशीत कुंकूही लावून मोकळा झालो. मान वर केली तर काका दारात, हातात अर्ज. मी फडकं शोधायला लागलो.

काकांनी मूर्ती पायापासून पदरापर्यंत न्याहाळली. मग हळू म्हणाले, "कुंकू पूस. आणि लुगडं चुकलंय. ही तुझी गौर झाली. आमच्या बायका असं नेसत नाहीत."

"मग कसं?"

ते गेले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं लाल चौकड्यांचं लुगडं घेऊन आले. डांबरगोळ्यांचा वास येत होता. फिलूकाकींचं. काकी जाऊन दोन वर्षं झाली. मी त्यांना कायम फुलाफुलांच्या झग्यातच पाहिलं होतं.

"लग्न होऊन आली तेव्हा हेच नेसायची," काका स्टुलावर बसत म्हणाले. "पहिल्या रविवारी मिस्साला गेलो. पुढल्या बाकावरच्या बाया वळून वळून हसल्या. मला लाज वाटली रे. घरी येऊन तिला म्हटलं, वसईचं वसईत. जागच्या जागी बरं दिसतं. पुढच्या रविवारपासून तिने झगा घातला. बसायची मात्र शेवटच्या बाकावर, जन्मभर. पुरली तीपण झग्यातच." मग म्हणाले, "आता मरियामाता लुगडं नेसून वेदीशेजारी उभी राह्यली, तर मी तिच्याकडे बघू कसा?"

काकांनी अर्ज उलटा केला आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीने नेसण काढून दाखवली. पदर कुठून, घोळ किती, सगळं. त्यांचा हात जराही अडखळला नाही. मी लुगडं नव्याने घडवलं.

मूर्ती बसवली त्या रविवारी मी चर्चमध्ये गेलो. समई लागली होती. काका सगळ्यांत पुढच्या बाकावर होते, आणि शेजारी लाल चौकड्यांचं लुगडं घडी करून ठेवलेलं. गर्दी वाढली तशी एक बाई येऊन म्हणाल्या, "अंकल, ते उचलता का जरा? मला बसायचंय."

काकांनी मूर्तीवरची नजर हलवली नाही.

"मागं बघा हां," ते म्हणाले. "इथं माणूस बसलंय."