बुवांच्या घरची ज्वारी

माझ्या लग्नात मंगलाष्टकं ऐन रंगात आली असताना मामा मंडळींच्या घोळक्यातून एक खणखणीत आवाज आला, "हायब्रीड हाय!"

मी दचकलो. मुंडावळ्या बाजूला करून बघितलं, तर धोतर, कोट आणि टोपीतला एक उंच माणूस हातातल्या अक्षता दाढेखाली फोडून तोंड वाकडं करत होता. आमच्याकडं अक्षता ज्वारीच्या असतात, रंगवलेल्या. त्या नवरा-नवरीच्या डोक्यावर टाकायच्या असतात एवढं लहान पोरालाही कळतं. पण या गृहस्थांनी आधी चावून बघितल्या आणि मगच उरलेल्या आमच्या दिशेनं फेकल्या. पुढं बायकोनं ओळख करून दिली, "हे माझे मामा. उदगीरचे." तो शेरा ज्वारीवर होता हे मला तेव्हाच सांगण्यात आलं. माझी पूर्ण खात्री मात्र अजून पटलेली नाही.

शिवलिंगअप्पांचं उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत दुकान. नात्यानं मामा, पण अख्खा मोंढा अप्पा म्हणतो म्हणून मीही अप्पाच म्हणतो. मामी गेल्याला बरीच वर्षं झाली. मुलगा पुण्याला कंपनीत. दुकान आता सवयीनं उघडतात आणि सवयीनंच बंद करतात. पण सवय म्हणजे सवय! धान्य दिसलं की अप्पांचा हात त्यात कोपरापर्यंत गेलाच. आमच्या नांदेडच्या घरी आले की चपला काढून थेट स्वयंपाकघरात. डबा उघडायचा, हात घालायचा, तळातले चार दाणे वर काढायचे, एक दाताखाली फोडायचा. मग बाहेर येऊन बसायचं आणि "काय जावईबापू, बरं हाय का?" विचारायचं. "वरची ज्वारी समदेच चांगली ठिवतात. तळाची दाखवा." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा एका चकचकीत दुकानात त्यांनी तुरीच्या डाळीची सीलबंद पिशवी फोडून आत हात घातला होता. त्या पिशवीचे पैसे मी भरले आणि ती डाळ आम्ही महिनाभर खाल्ली.

आता माझ्याबद्दल. मला गाणं कळतं, असं मला वाटतं. नांदेडला कुठंही मैफल असली की मी जाकीट घालून दुसऱ्या रांगेत हजर. डोळे मिटतो, मान हलवतो, मांडीवर थाप मारतो. माझी मुलगी म्हणते, "बाबा, तुम्ही थाप मारली की तबलेवाला घाबरून तुमच्याकडं बघतो." बँकेत तीस वर्षं शिक्के मारले, तोच हात आहे, जरा मागंपुढं होणारच.

लातूरचे बुवा म्हणजे आमचं दैवत. मोठे गवई. देशात-परदेशात गायले आणि दर वेळी लातूरच्या जुन्या गल्लीतल्या त्याच घरात परत आले. तीन वर्षांपूर्वी बुवा गेले. आक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्याआधीच गेलेल्या. घराला कुलूप लागलं. या चैत्रात एका ट्रस्टनं तिथं संग्रहालय उघडलं. मी जायचं ठरवतोय तोवर अप्पांचाच फोन आला.

"जावईबापू, बुवांचं घर उघडलंय म्हणं. येता का? तितं इंग्रजीत काय लिवलं असलं तर वाचायला माणूस पायजे."

अप्पा बुवांना ओळखत होते हे मला त्या दिवशी कळलं. मी तासाभरात आमच्या संगीतप्रेमी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, "उद्या बुवांच्या निवासस्थानी जात आहे. जुना घरोबा." सतरा जणांनी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी लातूरच्या स्टँडवर उतरलो. अप्पा उदगीरच्या गाडीनं आधीच पोचलेले, खांद्यावर दहा किलोचं पोतडं.

"हे काय?"

"ज्वारी. बुवांची."

"अप्पा, बुवा गेले ना?"

"मला काय सांगून राहिले? मातीला मी व्हतो."

"मग ही ज्वारी कुणाला?"

"घराला," अप्पा म्हणाले आणि रिक्षात बसले.

रिक्षात सगळी हकिकत कळली. तीसेक वर्षं बुवांच्या घरची सालाची ज्वारी अप्पांच्या दुकानातून जायची. रब्बीची नवी मालदांडी आली की पहिलं पोतं अप्पा स्वतः घेऊन यायचे. आक्का भाकरी थापायच्या, बुवा आणि अप्पा मांडीला मांडी लावून जेवायचे. त्यानंतर अप्पा आपल्या घरी नव्या ज्वारीचं पोतं सोडायचे. त्याआधी नाही.

"आणि ही तीन वर्षं?"

"घराला कुलूप व्हतं की. जुनीच खाऊन राहिलो. नवी येती, शिवून ठिवतो. आज घातली म्हंजी सुटलो."

म्हणजे हा माणूस तीन वर्षं जुन्या, कडवट ज्वारीची भाकरी एकटा खात होता. मला वाईट वाटायला हवं होतं. मला वाटलं असं की, ग्रुपवर सांगायला झकास गोष्ट मिळाली.

दारात तिकिटाची खिडकी बघून अप्पा भडकले. "ह्या घरात तिकीट?" मी त्यांच्या पाठीमागून गुपचूप दोन काढली. मग ते उंबऱ्याशी उभे राहिले आणि मोंढ्यात ऐकू जाईल अशा आवाजात लिंगायती नमस्कार घालत ओरडले, "शरणार्थ! हायत का घरात?" आतली वीसेक माणसं वळून बघायला लागली. मी खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागलो. माझ्या पायात चपला होत्या.

पोतडं आत न्यायला मनाई होती. खिडकीजवळ ठेवावं लागलं. अप्पा चार पावलं गेले की मागं वळून पोतड्याकडं बघत.

आत काचेमागं तानपुरे, शाली, चष्मा, पानाचा डबा. बारीक आवाजात बुवांचं गाणं लावलेलं. कॉलेजच्या तीन-चार मुली अप्पांना काहीतरी विचारत होत्या. मी पुढं झालो. डोळे मिटले, बोट वर केलं. "ऐका! हा मारवा. काय कातरता आहे बघा! बुवांचा मारवा म्हणजे..."

"काका, इथं पुरिया लिहिलंय," एक मुलगी पाटी दाखवत म्हणाली.

"तेच ते," मी म्हणालो. "दोघं चुलतभाऊच."

"वाटणी झाली असल," अप्पा म्हणाले.

मुली हसत पुढं गेल्या. मी पाटी नीट वाचून घेतली, चार मुद्दे पाठ केले आणि दुसरं गिऱ्हाईक शोधायला लागलो. तेवढ्यात लक्षात आलं, अप्पा जवळ नाहीत. पुढच्याच क्षणी स्वयंपाकघरातून आवाज आला, "अय्यो! ज्वारीला वल लागली! दगड झाला की वो तिचा!"

मी धावलो. स्वयंपाकघर जसंच्या तसं ठेवलेलं. चूल, काटवट, आक्कांचा तवा, आणि कोपऱ्यात पत्र्याची मोठी कोठी, तोंडापर्यंत ज्वारीनं भरलेली. भोवती दोरी, दोरीवर 'हात लावू नये'. अप्पा दोरीच्या आत. त्यांनी सवयीप्रमाणं ज्वारीत हात खुपसला होता आणि हात आत जाईना. ओलीनं गठ्ठा झाला असं समजून त्यांनी कडेला बोटं घातली आणि जोर लावून उपसलं.

अख्खी ज्वारी तव्याएवढी गोल चकती होऊन वर आली. वर एक थर दाणे, डिंकानं चिकटवलेले. खाली थर्माकोल. त्याखाली कोठी रिकामी, तळाशी वर्तमानपत्र.

अप्पा चकती हातात धरून उभे होते. काय झालं ते त्यांना कळेना. त्यांनी एक दाणा उपटला, दाताखाली फोडला.

"हायब्रीड," ते म्हणाले. "वरून डिंक."

किल्ल्यांचा जुडगा वाजवत व्यवस्थापक बाई आल्या. बिराजदार मॅडम, पन्नाशीच्या, चष्मा दोरीनं गळ्यात. "आजोबा! काय केलंत हे? कुणाबरोबर आलाय तुम्ही?"

इथं मी एक गोष्ट कबूल करतो. मी भिंतीवरचा एक फोटो बघायला लागलो. फोटोत बुवा कुणालातरी नमस्कार करत होते. मी तो फार बारकाईनं बघितला.

"मी एकलाच आलो," अप्पा म्हणाले. आणि मग त्यांचा आवाज चढला. "बाई, ह्या घरची कोठी रिकामी? माणसाला फसवायला वर दाणे चिकटवले? आमी असताना ह्या घरात कोठीचा तळ दिसला न्हाई कवा. तीस वर्षं! बुवा परदेशात असले तरी भरलेली राहायची."

मॅडमचा राग जरा थांबला. "अहो, खरी ज्वारीच भरली होती आधी. उंदीर झाले. एका तानपुऱ्याची गवसणी कुरतडली. मग काय करायचं आम्ही?"

उंदरांपुढं अप्पांचं काही चालेना. आयुष्यभर त्यांनीही मोंढ्यात तेच भोगलेलं. त्यांनी चकती हळूच परत कोठीवर बसवली, कडेचे निघालेले दाणे बोटानं दाबले आणि म्हणाले, "मी आनलीय ती बी घेता येनार न्हाई म्हंजी."

"आत नाही ठेवता येणार, अप्पा." आमच्याकडं वडीलधाऱ्याला म्हणतात तसं त्यांनी आपसूक 'अप्पा' म्हटलं. "नियमच आहे."

अप्पा चुलीकडं वळले. चुलीपुढं पाट होता. त्याच्याकडं बघत राहिले, बसले मात्र नाहीत. आता मला फोटो बघवेना. मी पुढं आलो आणि म्हणालो, "मॅडम, हे माझे मामा. माझ्याबरोबर आलेत." उशीर झाला होता, पण म्हणालो.

मॅडमनी आम्हाला ऑफिसात नेलं, पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं. मग अप्पांची समजूत काढायला म्हणाल्या, "म्हणजे बुवांचं गाणं तुम्ही अगदी समोर बसून ऐकलंय. भाग्यवान!"

"न्हाई बा," अप्पा म्हणाले. "एकदाबी न्हाई."

मी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "अप्पा! तीस वर्षं येत होतात ना?"

"जेवायला येत व्हतो. पहिल्यांदा आलो तवा चार मानसं बसलेली. एक म्हनतो बुवा, हे म्हना, दुसरा म्हनतो, ते म्हना. ताट वाढून ठिवलेलं, भाकरी गार होऊन राहिली. मी म्हनलो, बुवा, मला गान्यातलं काय कळत न्हाई, तुमी आधी जेवा. लई हसले. म्हनले, अप्पा, दर साली या. मग कशाला म्हनू मी, गाऊन दाखवा? माझ्या घरी आल्यावर ते कवा म्हनले का, ज्वारी मोजून दाखवा?"

माझ्यातला जाणकार काही स्वस्थ बसेना. टेबलावर संगणक आणि कानाला लावायची हेडफोनची जोडी होती. मी म्हणालो, "अप्पा, मग आज ऐकाच." त्यांची टोपी काढून हेडफोन कानाला बसवला. मॅडमनी गाणं लावलं. मी शेजारी बसून समजावायला लागलो, कोमल रिषभ काय, धैवत काय. अप्पांना त्यातलं अक्षर ऐकू जात नव्हतं, हे आता लिहिताना लक्षात येतंय.

अप्पांनी मिनिटभर ऐकलं. मग हेडफोन काढला, दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला.

"आवाज लई गोड हाय. पन बुवांचा न्हाई."

"अहो अप्पा, बुवांचाच आहे!" मी म्हणालो.

"असल. तुमी जानकार. माझ्या वळखीचा न्हाई." मग ते मॅडमकडं वळले आणि जरा लाजत म्हणाले, "बाई, यात त्यांचं बोलनं हाय का कुठं? 'अप्पा, हात धुवा, ताट वाढलंय' असं? जेवल्याबिगर जाऊ द्यायचे न्हाईत मला. ते असलं तर ऐकवा."

मला हसू फुटणार होतं, पण मॅडमचा चेहरा बघून आवरलं. त्यांनी चष्मा लावला आणि खरोखर शोधायला लागल्या. मैफली, मुलाखती, सत्कार, एकेक यादी खालपर्यंत. पुन्हा वर. अप्पा पडद्याकडं बघत होते, वाचता येत नसलेलं सगळं वाचत असल्यासारखे.

"नाही हो अप्पा," शेवटी मॅडम म्हणाल्या. "ते कुणी टेप केलेलं नाही."

"हां," अप्पा म्हणाले. "कुनाला सुचतंय तसलं." त्यांनी टोपी घातली, उठले. "चला जावईबापू. पोतडं घेऊ. उदगीरची गाडी मिळंल."

आम्ही खिडकीपाशी आलो. अप्पांनी पोतड्याला हात घातला, तोच मॅडम मागून आल्या. "ठेवा ते खाली. अप्पा, हे घर रोज कोण झाडतं? मी. बुवांच्या देव्हाऱ्यात दिवा कोण लावतं? मी. मग या घरचं माणूस कोण?"

अप्पांनी त्यांच्याकडं नीट बघितलं. तळाचा दाणा बघावा तसं, बराच वेळ. मग पोतड्यावरचा हात काढून घेतला.

"संग्रहालयात ठेवता येत नाही. माझ्या घरी नेऊन दळते," मॅडम म्हणाल्या. "उद्या डब्यात नवी भाकरी आणीन, इथंच बसून खाईन. आजची मात्र जुनी आहे, चालेल ना?" त्यांनी दारावर 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी अडकवली. ऑफिसातल्या टेबलावर डबा उघडला. भाकरी, मेथीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. एकटीपुरतं होतं. त्याचे त्यांनी तीन वाटे केले, दोन ताटल्यांत आणि एक डब्याच्या झाकणात.

"अप्पा, हात धुवा," त्या म्हणाल्या. "ताट वाढलंय."

अप्पा अंगणातल्या नळावर गेले. हात धुतले. मग तोंड धुतलं. मग पुन्हा हात. नळ चालूच. लातूरच्या माणसाला पाणी वाया गेलेलं बघवत नाही, तरी मॅडम ताटल्या सारख्या करत राहिल्या. मी उठायला लागलो, तर त्यांनी डोळ्यांनीच मला खाली बसवलं. अप्पा आमच्याकडं पाठ करून रडत होते.

बऱ्याच वेळानं नळ बंद झाला. अप्पा आले, उपरण्यानं तोंड पुसलं, खुर्ची सोडून खाली फरशीवर मांडी घातली. मॅडमही ताटल्या घेऊन खाली बसल्या. मग मीही.

"सावकाश होऊ द्या," मॅडम म्हणाल्या.

अप्पांनी भाकरी मोडली आणि म्हणाले, "चटनी वाढा जरा."